एका 'री'ची चौकशी

दुभाष्याची नोकरी म्हणजे दुसऱ्याची री ओढायची नोकरी, असं माझे वडील म्हणायचे. मुडबीला आमची चांगली शेती होती. ती सोडून पोरगं साहेबाच्या मागं मागं फिरतं आणि त्याचंच बोलणं दुसऱ्या भाषेत बोलतं, यात त्यांना कसलाच पुरुषार्थ दिसत नव्हता. पण मला दुसरं येत काय होतं? घरातली मराठी, आईच्या माहेरची कन्नड, निजामाच्या अमदानीतल्या शाळेतली उर्दू, आणि पोलीस ॲक्शननंतर कारभार बदलला तेव्हा घाईघाईनं घोकलेली इंग्रजी. चारही भाषा मला सारख्याच येत होत्या, म्हणजे एकही धड येत नव्हती. सरकारला तेवढं पुरलं आणि मला कारखाने तपासणाऱ्या एका साहेबांच्या हाताखाली नेमलं.

साहेब मुंबई इलाख्यातून उसने आणलेले, मूळचे पुण्याचे. कुठल्या कारखान्यात माणसाला इजा झाली की आम्ही दोघं जायचो. साहेबांचा एक नेम होता. अपघाताचं पहिलं सांगितलेलं कारण खरं धरायचं नाही. कुणी कारण सांगितलं की विचारायचं, "का?" त्यानं त्याचंही कारण दिलं की पुन्हा "का?" कांदा सोलावा तसं सोलत जायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की थांबायचं.

आता आमच्या भागात 'का' असं कुणी विचारत नाही. आम्ही विचारतो 'कामून'. कन्नडवाले विचारतात 'याक'. त्यामुळं साहेब आत शिरून "का? का?" करायला लागले की कामगार हळूच छपराकडं बघायचे, कावळा कुठं बसलाय म्हणून. एका तेलाच्या गिरणीत त्यांचं नाव 'काका' पडलं, आणि ते नाव आमच्या आधी गावोगाव पोचायला लागलं. "काका आले, काका आले," अशी कुजबुज कानावर पडली की साहेब हळवे व्हायचे. मला म्हणायचे, "बघा, माणसं किती लवकर जीव लावतात." मी म्हणायचो, "हो साहेब." सगळंच भाषांतर करायचं माझ्यावर बंधन नव्हतं.

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा हैदराबाद स्टेट फुटणार हे नक्की झालं होतं आणि कोणता तालुका कुणाच्या पदरात पडणार यावर चहाच्या हॉटेलात कपबश्या फुटत होत्या. कल्याणीच्या, म्हणजे आताच्या बसवकल्याणच्या, अलीकडं एक जिन होतं. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथं अपघात झाल्याची वर्दी आली आणि आम्ही निघालो.

आदल्या रात्री वाटेतल्या एका गावात साहेबांचा मुक्काम पाटलाच्या घरी होता. पाटलीणबाईंनी त्यांना असं आग्रहानं जेवू घातलं की सकाळी बैलांच्या दमणीत बसताना ते "हळू हाकायला सांगा" म्हणाले. मग मला विचारलं, "पुरे, याला कन्नडमध्ये काय म्हणतात?"

"साकु, साहेब."

"साकु," साहेब म्हणाले. आणि बैल जिनाच्या फाटकात शिरेपर्यंत साहेब मधूनमधून "साकु, साकु" घोकत होते. गाडीवाल्यानं दोनदा बैल थांबवले.

जिनात यंत्रांच्या दोन ओळी होत्या. बाया त्यांच्यात कापूस भरायच्या. प्रत्येक ओळीच्या खाली, जमिनीच्या पोटात, एक लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि वरची यंत्रं चालवायचा. त्याला तेल द्यायला तेलवाला खाली उतरे. त्या जागेला सगळे भुयार म्हणत. तेलवाला उतरला की वरचा इंजिनवाला त्या ओळीचा चामडी पट्टा बाजूला सरकवून दांडा थांबवी. मग तेल नीट मुरावं म्हणून दांडा जरा जरा फिरवून घ्यावा लागे. खालून हाक आली की इंजिनवाला पट्टा थोडा चढवी, पुन्हा हाक आली की उतरवी. दोघं एकमेकांना दिसत नसत. दुसरी ओळ मात्र चालूच असे, आणि तिचा धडधडाट असा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे.

त्या दिवशी तेलवाला दांड्याच्या तोंडाशी असतानाच पट्टा पुरता चढला. त्याच्या धोतराचा सोगा दांड्यानं धरला. त्यानं खांबाला मिठी मारली, धोतर दांड्यानं नेलं आणि हात खांबाशी मोडला. धोतर फाटून सुटलं म्हणून जीव राहिला. बायांनी त्याला वर काढलं तेव्हा अंगावर बंडी तेवढी होती. "हात मोडलेला परवडला ओ," तो पुढं मला म्हणाला, "पण समद्या बायांनी बघिटलं."

इतकंच झालं असतं तर आमचं काम सोपं होतं. पण हा तेलवाला आणि तो इंजिनवाला मेहुणे होते. तेलवाल्याची धाकटी बहीण इंजिनवाल्याला दिलेली. माहेर कन्नड, सासर मराठी. असल्या सोयरिकी आमच्याकडं घरोघरी आहेत, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण अपघाताच्या आठवडाभर आधी हे दोघं हॉटेलात भांडले होते. इंजिनवाला म्हणाला, आपला तालुका मराठी मुलखात जाणार. तेलवाला म्हणाला, तुमी जावा की, जिन हितंच ऱ्हाईल. एवढ्यावरून शब्दानं शब्द वाढला, बश्या फुटल्या, आणि दोघांत अबोला पडला.

मॅनेजरनं आम्हाला खुर्च्या देण्याआधी हेच सांगितलं. मालक हैदराबादेत असायचा, इथं सगळं याच्या हातात. "मशीन का क्या कुसूर, साब?" तो म्हणाला. "ये जबान का झगडा है. इसने उसको जानबूझ के मारा."

हे त्याला किती सोयीचं होतं! दांड्याला जाळी नव्हती, भुयारात घंटा नव्हती, कामाला धोतर चालत होतं. पण इंजिनवाल्यानं मुद्दाम केलं असं ठरलं, की यातलं काहीच कुणी विचारणार नव्हतं. गावातल्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनाही तेच हवं होतं. एकाला कन्नड माणसाचा मोडलेला हात मिरवायचा होता, दुसऱ्याला मराठी माणसावरचा खोटा आळ. त्या दोघांना आयुष्यात कधी कापूस पिंजायची वेळ आली नव्हती. मला त्या सगळ्यांचा फार राग आला होता, आणि आजही आठवलं की येतो. फौजदार तर साहेबांच्या मताची वाट बघत थांबला होता. साहेबांनी 'मुद्दाम' हा शब्द लिहिला असता, की इंजिनवाला सरळ गजाआड गेला असता.

हातपाय धुवायला हौदावर गेलो तेव्हा त्याची बायको तिथं उभी होती. तीही याच जिनात कापूस भरायची. अपघात झाला त्या दिवसापासून ती भावाच्या घरी राहायला गेली होती. नवऱ्याच्या घरची चूल बंद होती.

"दादा," ती म्हणाली, "तुमाला समद्यायच्या भाषा कळत्यात म्हणं. एक सांगा मला. त्येंनी मुद्दाम केलं का?"

"अजून विचारलंच नाही कुणाला," मी म्हणालो.

"अण्णा म्हणतोय मुद्दाम केलं. हे म्हणत्यात न्हाई. म्या कुणाचं खरं धरू? भावाचं खरं धरलं तर कुकू कसं लावू? नवऱ्याचं खरं धरलं तर अण्णाच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी धुतलेलेच पाय पुन्हा धुतले.

चौकशी सुरू झाली. इंजिनवाल्यानं मराठीत सांगितलं, "साहेब, त्येनं 'घाल' म्हणलं, म्या पट्टा घातला. देवाशपथ."

तेलवाला गळ्यात हात अडकवून आला. तो कन्नडमध्ये बोलला, मी मराठीत सांगितलं. "साहेब, हा म्हणतो, मी 'पुरे' असं ओरडलो, तरी यानं पट्टा चढवला."

साहेबांनी दोन्ही जबान्या शेजारी शेजारी ठेवल्या. 'घाल' आणि 'पुरे'. त्या कशा एक व्हायच्या? साहेबांनी का-का करून पाहिलं. तू का घातलास? तो म्हणाला म्हणून. तो का म्हणेल, त्याला मरायचं होतं? ते मला काय ठावं? पुढं काही निघेना. "यातला एक जण खोटं बोलतोय," साहेब मला हळूच म्हणाले, "आणि हात ज्याचा मोडला, तो खोटं का बोलेल?" मॅनेजरनं मान अशी हलवली की जणू ही अक्कल त्याचीच.

मीही तेच समजून बसलो होतो. चार भाषांचा तोरा मिरवणारा मी!

दुपारी मॅनेजरनं जेवण ठेवलं. इंजिनघराला लागून एक पडवी होती, तिथं पंगत मांडली. पुरणपोळी आणि येळवणीची, म्हणजे कटाची, आमटी. ज्या ओळीत अपघात झाला ती बंद होती, म्हणून तिथल्या बाया रिकाम्या होत्या, आणि मॅनेजरनं वाढायला नेमकी इंजिनवाल्याची बायको लावली. तिचा उतरलेला चेहरा बघून साहेबांचं मत आणखी पक्कं होईल, असा त्याचा हिशेब असावा. दुसरी ओळ शेजारी धडधडत होतीच.

आमच्याकडं नको असलं की दोन्ही हात पानावर आडवे धरतात. साहेबांचा उजवा हात पोळीत आणि डाव्या हातात जबान्यांचे कागद. ती आमटीचं पातेलं घेऊन आली. साहेबांनी मोठ्या अभिमानानं सकाळचा धडा म्हटला, "साकु!"

तिनं एक पळी वाढली.

"साकु, साकु!"

तिनं दोन पळ्या वाढल्या. द्रोण भरला, आमटी पानात आली.

"साकु! साकु! साकु!" साहेब किंचाळले, आणि तिनं बिचारीनं पातेलंच कलंडवलं. ऊनऊन येळवणी पानावरून साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र पाटलोणीवर उतरली. साहेब कागद टाकून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून जन्मभराच्या सवयीनं एकच शब्द निघाला.

"का?"

मी पोळीत तोंड खुपसून हसत होतो. मॅनेजर तिच्या अंगावर धावला. ती घाबरून म्हणाली, "म्या काय करू ओ? साहेबच की हाकु हाकु म्हणायलेत! अजून हाकु, अजून हाकु, म्हणून म्या वाढायले."

कन्नडमध्ये हाकु म्हणजे घाल, वाढ.

"मी साकु म्हणालो!" साहेब ओरडले.

"न्हाई, हाकु..." ती म्हणाली आणि मधेच थांबली. पळी हातातच राहिली. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. आवाज कळला नाही, पण ओठ मला दिसले. साकु. हाकु. साकु. हाकु. माझं हसू तिथल्या तिथं जिरलं. इंजिनवाल्यानं 'घाल' असं मराठीत सांगितलं होतं, आणि तेलवाल्याचं 'पुरे' हे मीच मराठीत आणलं होतं. भुयारातून वर आलेला खरा शब्द आमच्या कुणाच्या तोंडात आलाच नव्हता. दोन्ही शब्द शुद्ध मराठी करून आम्ही त्यांचा सख्ख्या भावांसारखा तोंडवळा पुसून टाकला होता.

तिनं पातेलं पंगतीच्या मधोमध ठेवलं आणि ती इंजिनघराच्या दाराशी बसलेल्या भावाकडं गेली. "अण्णा, तू त्या दिवशी काय म्हणलास?"

"साकु."

मग ती आत इंजिनापाशी उभ्या नवऱ्याकडं वळली. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. "आणि तुमाला काय ऐकू आलं?"

"हाकु," तो म्हणाला.

साहेब शहाणा माणूस. ओल्या पाटलोणीनिशी त्यांनी तिथंच परीक्षा ठरवली. बंद ओळ बंदच ठेवायची, दुसरी चालू. मी भुयारात उतरून ओरडायचं. वर इंजिनवाल्यापाशी त्याची बायको उभी राहणार आणि जे ऐकू येईल ते साहेबांच्या कानात सांगणार.

मी खाली उतरलो. ओरडलो, "साकु!" वर उत्तर गेलं, हाकु. ओरडलो, "हाकु!" उत्तर, हाकु. मग माझ्या अंगातला जुना खोडकरपणा जागा झाला. मी ओरडलो, "काकू!" तेही हाकु. "चाकू!" हाकु. शेवटी मॅनेजरला उद्देशून मी एक असा शब्द ओरडलो की तो इथं लिहिता येणार नाही, आणि वर आलो तेव्हा कळलं, तोही हाकुच झाला होता. त्या धडधडाटात शब्दाचं तोंड खाल्लं जात होतं आणि नुसतं शेपूट वर पोचत होतं.

मॅनेजर हार मानणारा नव्हता. "साब, हे दोघं किती वर्षं हेच काम करतात. आजवर हात मोडला नाही. झगडा झाला आणि मोडला. तो क्यूं?"

साहेबांना त्याचा राग यायच्या ऐवजी आनंद झाला. "बरोबर," ते म्हणाले. "त्याच दिवशी का?" आणि त्यांनी मोर्चा तेलवाल्याकडं वळवला. "इतकी वर्षं तू हाच शब्द वापरत होतास?"

तेलवाला पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"बोल की," बहीण म्हणाली.

"आधी मी 'हाकु' म्हणत नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "'हाक्री दाजी' म्हणायचो. बहिणीचे मालक हायत, म्हणून."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी समजावलं, कन्नडमध्ये हाकु म्हणजे 'घाल', आणि हाक्री म्हणजे 'घाला'. शेवटची 'री' ही मानाची. आपल्या 'हो', 'जी'सारखी.

"आणि भांडणानंतर?"

"अबोला होता, साहेब. पण काम कसं थांबणार? भांडणानंतर त्या दिवशीच पैल्यांदा तेल द्यायला उतरलो हुतो. बोलायचं तर न्हाई, म्हणून एकेक शब्द नुसता फेकला. री कामून लावू? त्यांनी हॉटेलात मला काय काय म्हणलं हुतं."

मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी पुन्हा भुयारात उतरलो आणि पोटातून ओरडलो, "हाक्री दाजी!" आणि मग, "साकु!" वर दोघं नवराबायको एकदम म्हणाले, "हाक्री दाजी." आणि नंतर, "हाकु." पण आता घोटाळ्याला जागाच नव्हती. घालायचं असतं तेव्हा री यायची, दाजी यायचे, सगळी वरात यायची. ती वरात नसली की इंजिनवाल्याचा हात आपोआप पट्टा उतरवायचा. इतकी वर्षं तेलवाल्याचा हात त्या मानानंच सांभाळला होता. भाषेचं भांडण होतं हे मॅनेजरचं म्हणणं एका अर्थी खरंच निघालं.

इंजिनवाला खाली बसला. "मला त्याची री गेल्याली कळली हुती," तो म्हणाला. "रागच आला हुता. पण हात मोडावा असं... न्हाई." आणि हा एवढा दांडगा माणूस हातातल्या चिंधीनं डोळे पुसायला लागला, तेलाचे काळे पट्टे तोंडभर झाले.

साहेबांनी शेवटचा 'का' मॅनेजरसाठी राखून ठेवला होता. "माणसाचा जीव मेहुण्यांच्या मर्जीवर टांगला होता. इथं घंटा का नाही?" मॅनेजर छपराकडं बघायला लागला. या वेळी मात्र त्याला कावळा दिसला नसावा. घंटा, दांड्याला जाळी, तेलवाल्याला तंग चड्डी, सगळं साहेबांनी तिथंच बजावून सांगितलं. फौजदाराला निरोप गेला की तुमचं इथं काही काम नाही. रात्री अहवाल इंग्रजीत लिहिताना साहेबांनी मला त्या 'री'साठी शब्द विचारला. तो माझ्याकडं नव्हता, आणि साहेबांकडंही नव्हता.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. दिवस मावळायच्या सुमाराला इंजिन बंद झालं. इतक्या धडधडाटानंतरची ती शांतता अशी होती की फाटकाबाहेर दमणीचे बैल रवंथ करत होते, तेही ऐकू येत होतं. तेलवाला पायरीवर बसला होता, शेजारी बहीण. इंजिनवाला हात पुसत इंजिनघराच्या दारात आला. बायकोकडं न बघता म्हणाला, "चल."

ती हलली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "दादा, काय म्हणायलेत ओ ते? ऐकू यिना."

मी माझी नोकरी केली. "चल म्हणायलेत."

"न्हाई बाई. काईच ऐकू यिना."

"चल की," तो जरा मोठ्यानं म्हणाला.

ती कानामागं पदर सारून आकाशाकडं बघत बसली. तेलवाल्यानं मोडका हात धरून हसू दाबलं. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, इतकं शांत आहे. हिला ऐकू का येत नाही?"

इंजिनवाल्यानं एकदा मेहुण्याकडं बघितलं, एकदा साहेबांकडं, एकदा आम्हा सगळ्या रिकामटेकड्यांकडं. मग मान खाली घालून, आवाज अगदी बारीक करून म्हणाला, "चला."

"आता आलं," ती म्हणाली, आणि उठली.